एका घराची तीन छतं

आमच्या घराला तीन छतं आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. सोलापुरातल्या जुन्या पेठेतलं घर. पुढच्या दोन खणांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर माती चोपून केलेलं सपाट छत, मधल्या स्वयंपाकघरावर लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशी, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब. स्लॅब माझ्या सासऱ्यांनी टाकला, गर्डर त्यांच्या वडिलांनी आणि माळवद त्याही आधीचं. वर गेलं की सलग गच्ची दिसते. पण तिच्यात दोन सांधे आहेत, आणि गळतीची सगळी भानगड त्या सांध्यांपासून सुरू होते. पेठेत अशी घरं पुष्कळ आहेत, म्हणून आमच्या दुरुस्तीचं जरा सविस्तर लिहिते.

सोलापूर म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो. तिथं कसलं आलंय गळतं छत, असं माझ्या माहेरचे अजूनही म्हणतात. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात तेवढा पाऊस जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात होऊन जातो. पण आमच्याकडचं छत बिघडतं ते उन्हानं. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, तो सावलीतला. उघड्या स्लॅबवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. रात्री तोच स्लॅब निवतो. काँक्रीट तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. वीस फुटी स्लॅब तीस अंशांच्या फरकाला जेमतेम दोन मिलिमीटर हलतो. ऐकायला काहीच नाही. पण रोज दोन मिलिमीटर, आणि तेही खालची भिंत जागची हलत नसताना. मग भिंत आणि स्लॅबच्या मध्ये, कठड्याच्या बुडाशी, जिथं जिथं दोन वस्तू भेटतात तिथं केसाएवढी चीर पडते. जून-जुलैच्या भुरभुरीत तिचं काही कळत नाही. सप्टेंबरात परतीचा पाऊस धो धो कोसळतो तेव्हा पातेली शोधायची वेळ येते. ऑक्टोबर २०२० मध्ये झाला तसा पाऊस असेल तर पातेलीही पुरत नाहीत.

आधी एकदा आम्ही रंगवाल्या कोटिंगचं करून पाहिलं होतं. दहा वर्षांची गॅरंटी म्हणून एकानं स्लॅबवर रबरासारखा पांढरा थर मारून दिला. दोन उन्हाळ्यांत तो सुटायला लागला. नखानं धरून ओढला तर पापुद्रा हातभर निघायचा आणि त्याखाली धूळ. फोन लावला तर, "तुमचा बेसच खराब आहे." बेस खराब आहे म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं होतं, असं मी म्हणाले. त्याचं उत्तर अजून यायचंय.

या खेपेला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले आणि मग मिस्त्री. माझ्या मते याच क्रमानं जावं. मिस्त्रीला आधी बोलावलं की तो त्याला जे येतं तेच सांगतो, कोबावाला कोबा (विटांच्या तुकड्यांचा ठोकून बसवलेला थर) सांगतो आणि मेंब्रेनवाला मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा). इंजिनिअरांनी पहिला अर्धा दिवस हातोडी घेऊन स्लॅबचं पोट ठोकण्यात घालवला. घट्ट काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथं खडूनं गोल करत गेले. न्हाणीघरावरचा सगळा कोपरा खडूनं पांढरा झाला.

त्या कोपऱ्यावरच आमची पाण्याची टाकी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग असते. हजार लिटरची टाकी भरली की एक टनाचं ओझं, आणि आमची टाकी भिंतीवर नव्हती, बरोबर खोलीच्या मध्यावर होती. भरून वाहायला लागली की ते पाणी तिथंच मुरायचं. आतल्या सळईला गंज चढतो, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट जागा मागतो, आणि ती जागा मिळाली नाही की खालचा थर ढकलून पाडतो. न्हाणीघरात पडणाऱ्या खपल्यांना आम्ही इतकी वर्षं प्लास्टर खराब म्हणत होतो.

मिस्त्री अक्कलकोटकडचे. बोली अर्धी कन्नड, अर्धी सोलापुरी. मी त्यांना स्वयंपाकघरातला डाग दाखवला, नेमका ओट्याच्या वर, तर ते वर बघेचनात. दारातून माळवदाच्या कडेकडे बघत राहिले.

"हितं गळायलंय म्हणून हितंच फुटलंय असं नसतंय, अक्का. पाणी लई फिरतंय."

मग पाइप लावून एकेका भागावर पाणी सोडायचं ठरलं. सर्वांत खालच्या उतारापासून सुरुवात, एक भाग भिजवायचा, तासभर थांबायचं, खाली बघायचं, मग वरचा भाग. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. सगळी गच्ची एकदम भिजवली तर काहीच कळत नाही. ओट्यावरचा डाग दुपारी ओला झाला, तेव्हा पाणी चालू होतं ओट्यापासून बारा-तेरा फुटांवर, माळवद आणि गर्डरच्या छताच्या सांध्यावर. तिथून आत शिरून गर्डरच्या पाळीवरून सरकत सरकत ते ओट्यावर येत होतं.

आता करायचं काय? पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन : "वहिनी, कशाला चिकटवत बसता? सगळं काढा आणि स्लॅब टाका." पेठेतल्या दहापैकी नऊ जणांचं मत तेच. त्यामागं एक भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तो आमच्याकडेही जाणवला होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, बरीचशी झोपेत, मातीत बसवलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून. तेव्हापासून माळवदाखाली झोपायचं म्हटलं की सासूबाईंच्या बहिणी अजूनही नको म्हणतात.

इंजिनिअरांनी मात्र स्लॅबचा निर्णय आकड्यांवर घेऊ म्हटलं. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. आमच्या माळवदावर मातीचा थर फुटाहून जास्त; कोरडा धरला तरी पाचशे किलोच्या पुढे, भिजला की आणखी. म्हणजे स्लॅब उलट हलका! मी तिथंच हो म्हणणार होते. पण ते पुढे म्हणाले की वजनाचा हिशोब अर्धाच आहे. आमच्या पुढच्या भिंती दोन-दोन फूट रुंद, पण दगड मातीत बसवलेला. त्यावर ताठ स्लॅब ठेवायचा तर आधी भिंतीला चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा हवा, आणि खरं तर कॉलम उभे करून भिंतीवरचा भारच काढायला हवा. म्हणजे दुरुस्ती राहिली बाजूला, घर नव्यानं बांधणं झालं. आणि एवढं करून मिळणार काय, तर मागच्या खोल्यांसारखी मेमध्ये भट्टी होणारी खोली. घरात एकच जागा उन्हाळ्यात पंख्याविना बसण्यासारखी आहे, ती माळवदाखालची.

शेवटी ठरलं ते असं : माळवद ठेवायचं, पण त्याचं ओझं उतरवायचं.

ओझं का वाढतं ते माळवद उघडल्यावर डोळ्यांनी दिसलं. कुदळीनं एका कडेला सरळ काप घेतला तर मातीचे थर वहीच्या पानांच्या कडेसारखे एकावर एक. पांढरा, किंचित पिवळसर, पुन्हा पांढरा, मध्येच राखेची करडी रेघ. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नव्या पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, चोपायचा, गवत उगवू नये म्हणून मीठ पसरायचं, ही रीत. पण नवी माती टाकताना जुनी तेवढी काढायची असते, ते मधल्या पिढीत कुणी केलं नाही. बोट-बोटभर करत थर वाढत गेला. तळाशी कडीपाटाच्या फळ्यांवर तुराट्या अंथरलेल्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, आणि तो पाला काळा पडलेला पण पानांची शीर अजून ओळखू येणारी. एक तुळई भिंतीतल्या टोकाला वाळवीनं पोखरलेली निघाली. बाहेरून ऑइलपेंट चकचकीत, आत मिस्त्रींचा स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. बाकीच्या तुळया सागवानी आणि धडधाकट.

पोखरलेल्या तुळईखाली लोखंडी जॅक आणि धिरे लावून, वरची माती आधी पूर्ण उतरवून मगच ती बदलली. तुळईचं टोक भिंतीत पुन्हा तसंच न गाडता खाली दगड ठेवून भोवती वारा खेळायला थोडी जागा सोडली. लाकडाला चारी बाजूंनी ओल कोंडली की वाळवीला आमंत्रणच.

उतरवलेल्या मातीचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न. आमच्या बोळात छोटा हत्तीसुद्धा शिरत नाही. गोण्या भरून बिगाऱ्यांनी डोक्यावरून तिठ्यापर्यंत नेल्या. पण सगळी माती टाकून दिली नाही. मिस्त्रींनी चाळून बरीचशी परत वापरली, कारण आता पांढरी माती मिळणं अवघड झालंय. ती मिळते जुन्या गावठाणाच्या, गढीच्या पांढरीतून. तिच्याऐवजी शेतातली काळी माती घालून चालत नाही. काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि छतावर भेगा म्हणजे संपलंच. पांढरी घट्ट बसते आणि पाणी वरच्यावर वाहून जाऊ देते. नव्या थराच्या मध्ये इंजिनिअरांनी जाड प्लॅस्टिकचा कागद घालायला लावला. तो त्यांनी फळ्यांना लागू दिला नाही. खाली मातीचा एक थर, मग कागद, मग वरची माती. मिस्त्रींना ते अजिबात पसंत नव्हतं. "माती श्वास घेतीय ओ सर, तिला पिशवीत कशाला घालायलाव?" दोघांची अर्धा तास जुंपली. माझा कल मिस्त्रींकडे होता, पैसे इंजिनिअरांना दिले होते. कागद पडला. आता थर पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे, धुम्मसानं चोपून उतार पन्हळीकडे दिलाय, आणि साणं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, बुजवून टाका म्हणणाऱ्यांचं न ऐकता त्याला उंच कठडा आणि वर काच बसवलीय.

हे सगळं आम्ही गड्डा यात्रा उरकल्यावर काढलं. सोलापुरात गच्चीच्या कामाला संक्रांतीनंतरचे दोन महिने सोन्यासारखे. पाऊस नाही, ऊन अजून बेताचं. मेमध्ये स्वस्तात करून देतो म्हणणारे भेटतात, कारण त्यांना पावसाआधी सगळी कामं उरकायची असतात. पण त्या उन्हात ओतलेलं काँक्रीट घट्ट व्हायच्या आधीच वरून वाळतं आणि पहिल्याच दिवशी तडकतं. न्हाणीघरावरचा कोपरा तोडून नव्यानं ओतला तेव्हा क्युरिंगवरून घरात रोज वाद. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या-उष्ण हवेत किमान दहा, आणि शक्यतो चौदा दिवस ओलं ठेवायचं. बाजारात सर्रास मिळतं ते मिश्रच. चौदा दिवस रोज पाणी आणि नळ चार-पाच दिवसांनी! शेवटी शेजारच्या काकूंची बोअर कामी आली. स्लॅबवर मातीची छोटी आळी करून पाणी कोंडलं आणि उरलेल्या भागावर ओली पोती. पोती रात्री वाळू न देण्याची जबाबदारी मुलाकडे होती, त्यानं ती मोबाइलवर गजर लावून पार पाडली, हे त्याचं कौतुक.

स्लॅबचा बाकीचा भाग तोडावा लागला नाही. सुटलेलं काँक्रीट फोडून सळया उघड्या केल्या, तारेच्या ब्रशनं चकचकीत होईतो घासल्या, गंज रोखणारं रसायन लावलं, जिथं सळई फारच बारीक झाली होती तिथं नवी जोडली आणि पॉलिमरच्या मसाल्यानं भरून घेतलं. वरून मात्र इतक्या वर्षांचे उपचार काढावे लागले. डांबर, त्यावर सिमेंटचं पाणी, त्यावर कोबा, त्यावर तो रबरी पापुद्रा. जुन्यावर नवं चढवत जाणं हा आपला आवडता उपाय आहे. खालचा थर सुटलेला असेल तर वरचा कितीही भारी असो, त्याच्याबरोबर सुटणारच, आणि ओझं वाढतं ते वेगळंच.

मग विटांच्या तुकड्यांचा कोबा. उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. कठड्याच्या बुडाशी काटकोन न ठेवता सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही आणि चीर पडायची जागाच राहत नाही. जुना दोन इंची पाइप लिंबाच्या पाल्यानं तुंबायचा. आता दोन ठिकाणी चार इंची, तोंडाला जाळी. कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. पांढराच हवा, हा इंजिनिअरांचा हट्ट. मला निळी नक्षी हवी होती. ऊन परत फेकायचं तर पांढऱ्याला तोड नाही, हे मेमध्ये पटलं. टाकी आता दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर, लोखंडी चौकटीवर.

खरी गंमत काकूंच्या भिंतीशी. त्यांचं घर आमच्यापेक्षा पाच फूट उंच, आणि त्यांची भिंत आमच्या गच्चीला लागून. सांध्यातून पाणी जातं आमच्याकडे, पण तो नीट बंद करायचा तर त्यांच्या भिंतीत आडवी खाच पाडून त्यात वाट्याची वरची कड बसवायला हवी. नुसतं भिंतीला चिकटवलं तर पुढच्या उन्हाळ्यात सुटणार. त्यांच्या भिंतीला छिन्नी लावायची म्हटल्यावर काकूंचा चेहरा बदलला. दुपारी सासूबाई शेंगाची चटणी घेऊन गेल्या, तासाभरानं आल्या. "खाच पाडा म्हणाल्या, पण प्लास्टर त्यांच्या रंगाचं करून द्यायचं, आणि त्यांच्या बाजूची पन्हळ आपल्या गच्चीवर पडती ती तशीच राहू द्यायची." ही पन्हळ गेली चाळीस वर्षं भांडणाचा विषय होती. मिस्त्रींनी त्या पन्हळीला पाइप जोडून आमच्या नव्या चार इंचीत सोडून दिली. त्यांची पन्हळ राहिली आणि आमची गच्ची सुटली.

गर्डरच्या छताचं फार नाही केलं. फरशीवर जुन्या काळचा चुन्याचा थर आहे, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालून घाणीत मळलेला, आणि तो अजून इतका घट्ट की छिन्नी उडते. एका गर्डरचं भिंतीतलं टोक गंजून फुगलं होतं आणि त्यानं वरची फरशी उचलली होती, तेवढा बदलला. फरशांच्या सांध्यांत नवा चुना भरला. सिमेंट भरा म्हणणारेही होते. ते जुन्या चुन्यापेक्षा ताठ असतं, उन्हात चुन्याबरोबर हलत नाही, कडेनं सुटतं. माळवद आणि गर्डरच्या मधल्या सांध्यावर आता जस्ती पत्र्याची वाकवलेली पट्टी आहे, एकाच बाजूला पक्की केलेली. दुसरी बाजू मोकळी, दोन्ही छतं आपापल्या परीनं हलू देत.

पैसे देण्याआधी स्लॅबवर पाणी भरून ठेवलं. पाइपांची तोंडं बुजवून टाचभर पाणी, दोन दिवस. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत पंख्याच्या हुकाशेजारी बोटाएवढी ओल. वरच्या दिव्यासाठी कधीकाळी घातलेला विजेचा पाइप कोब्याखालून तसाच आत येत होता. तिथलं फूटभर काम फोडून पाइप कापून बुजवला, पुन्हा दोन दिवस पाणी. या खेपेला मिस्त्री स्वतः सकाळी सातला हजर, चहा न घेता आधी हुकाखाली हात फिरवून बघितला.

मे पार पडला. मागच्या खोल्यांत पंखा लावला की वरून गरम वारा अंगावर येत नाही, आणि रात्री मोझॅकवर लगेच गादी टाकता येते. माळवदावर मात्र सासूबाई कुणाला फिरकू देत नाहीत. कुरडया तिथं वाळतात.

हिशोबातला दहावा भाग आम्ही परतीच्या पावसापर्यंत राखून ठेवला होता, आणि ते आधीच लेखी होतं. मिस्त्री तेव्हा थोडे घुश्शात होते. सप्टेंबरात दोन दिवस झोडपून पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी ते पैसे न्यायला आले. तिन्ही छतांखालून फिरले, माळवदावर चढले, बुटाच्या टाचेनं दोन-तीन जागा दाबून पाहिल्या आणि खाली येऊन म्हणाले, "कागदाचं जमलंय बघा. पण मीठ कमी पडलंय ओ अक्का, कोपऱ्यात गवत यायलंय. ते आजच उपटा, मुळासकट."

सासूबाईंनी गवत उपटलं. मीठ मी दुसऱ्या दिवशी आणलं, जाडं, पाच किलो.